मदत हवी आहे : नवऱ्याचे इंग्लंडातले खापरपणजोबा

नमस्कार मंडळी, माझं सासर अमेरिकेतल्या युटाचं, घरात सगळे मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ). नवऱ्याचे खापरपणजोबा इंग्लंडात प्रेस्टनला विणकर, तिथे 1837 मध्ये अमेरिकेतून मॉर्मन प्रचारक आले आणि रिबल नदीत बाप्तिस्मे सुरू झाले त्यात हेही कधीतरी गेले, घरच्यांनी नाव टाकलं म्हणे. मग 1856 ला लिव्हरपूलहून 'होरायझन' जहाज, पुढे आयोवा सिटीपासून हातगाडी ओढत युटातलं सॉल्ट लेक, वाटेत वायोमिंगच्या बर्फात अडकले (सासूबाई हे सांगताना अजून रडतात).

आता अडचण अशी की जहाजाच्या यादीत वय 39 आणि 1841 च्या जनगणनेत 20. तेव्हा मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे, मग हा तोच माणूस धरू का? चर्चची जुनी बाप्तिस्मा नोंदवही कशी शोधायची, कुणी केलंय का?