दोष मोबाईलचा नाही
'मोबाईल आले आणि टीव्हीवरच्या मालिका संपल्या' असं म्हणतात, ते मला काही पटलं नाही. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही कोकणातली भुताखेतांची मालिका सुरू झाली तेव्हा मोबाईल नव्हते का? आमच्या सिंधुदुर्गात 'मालवणी अशी नसता रे' म्हणून तावातावाने भांडणारेही एक भाग चुकवत नव्हते. मालिकेतला आकेरी गावचा तो वाडा बघायला लोक गाड्या करून यायचे. पहिल्या पर्वात नाईकांच्या घरातले कर्ते अण्णा सुरुवातीलाच वारलेले. २०१९च्या दुसऱ्या पर्वाने मागची गोष्ट सांगून त्यांना जिवंत उभं केलं. याला म्हणतात लेखन! तिसऱ्यात मात्र भुतंच फार झाली (हे माझं मत, चिडू नका).

खरं दुखणं रोजच्या भागाचं आहे. गोष्ट असते दहा मिनिटांची, भरायचा असतो अर्धा तास. मग एक थोबाडीत तीनदा दाखवायची, वर प्रत्येकाचा चेहरा ढॅण ढॅण करत. मी उठून सोलकढी करून येते, तरी मालिकेतल्या सासूबाईंचा हात गालावरच. गेल्या पावसात आमच्याकडे चार दिवस लाईट नव्हती. आली तेव्हा साखरपुडा तिथेच अडकलेला!