वाचायची, लिहायची गोडी लावणारे तुमचे सर किंवा बाई कोण? अनुभव सांगा

परवा लेकीचा 'पावसाळ्यातील एक दिवस' वाचला, सगळा गाईडातून उतरवलेला. रागावणार होतो, पण एकदम सातवीतल्या बाई आठवल्या. त्यांचा एकच नियम, निबंधात स्वतः बघितलेली एक तरी गोष्ट पाहिजेच. त्या वर्षी पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं होतं आणि आज्जीनं घर सोडताना सगळ्यात आधी लोणच्याची बरणी उचलली होती, तेवढंच लिहिलं मी, पाच-सहा ओळी. बाईंनी मार्क दिलेच नाहीत. समासात लाल पेनानं लिहिलं, "मग पुढं?" रात्री बसून चार पानं लिहिली. ती वही अजून आहे माझ्याकडं. तुमच्या आयुष्यात कोण होतं असं, मनापासून लिहा.

कागलचा भावा
आमच्या सरांनी नववीत 'झोंबी' हातात दिलं, म्हणाले, "वाच लगा, आपल्या कागलच्या माणसाचं हाय." आनंद यादवांच्या या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी मिळालाय हे मला नंतर कळलं, तेव्हा फक्त एवढंच दिसलं की सौंदलगेकर मास्तर कविता चालीवर म्हणून शिकवतात आणि हा पोरगा म्हसरं राखताना म्हशीच्या पाठीवर काटकीनं कविता लिहितो. मी पण तेव्हा बांधावरच बसलेलो आणि म्हस समोरच. पुस्तक मिटून तिच्याकडं बघतच राहिलो. आपल्या घरातलं पण पुस्तकात येतंय हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पेठेतली माई
दादा, तुमच्या बाईंसारख्याच आमच्या बाई. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्हा तिघींना करवीर नगर वाचन मंदिरात न्यायच्या, १८५० सालचं वाचनालय आहे ते. वर्गणी त्याच भरायच्या, घरी माहीतच नव्हतं. पुस्तक परत देताना 'आवडलं का' असं कधी विचारलं नाही, "कुठल्या पानावर थांबलीस?" असं विचारायच्या. अजून पुस्तक वाचताना पान दुमडते मी, काय करू.

गंगावेशकर
माझं उलटं झालं. एका सरांनी माझी कविता वर्गात वाचून सगळ्यांना हसवलं, मग सहा वर्षं काहीच लिहिलं नाही. कॉलेजात मॅडमनी विचारलं काय लिहितोस, मी म्हटलं काही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "दाखवू नकोस, पण लिही." तेवढ्यावर सुरू झालं परत.

मास्तर, करवीर
मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. शेवटची दहा मिनिटं मोठ्यानं गोष्ट वाचतो आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटतो, पोरं चिडतात, पण दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक कपाटातून गायब असतं! गेल्या वर्षी त्यांना शिवाजी विद्यापीठातलं वि. स. खांडेकरांचं संग्रहालय दाखवायला नेलं. १९७४ च्या ज्ञानपीठाचं सांगितलं, तिथं काय कोण फार रमलं नाही. पण भाऊसाहेब, म्हणजे खांडेकरच, १९२० पासून १८ वर्षं शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते म्हटल्यावर मागची एक पोरगी पुढं आली. "म्हंजे ते बी वह्या तपासायचे, सर?" तपासत असणार की, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं वही आणून टेबलावर ठेवली, वर लिहिलेलं, 'तपासू नका, फक्त वाचा'.