निवृत्तीचं ऑफिसात केव्हा सांगावं?

विचारणा, ओहायोहून

मंडळी, नमस्कार.

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी सासूबाई एकट्या असतात. वय 84. सहा एकर शेत, कपाशी आणि तूर, आणि सगळा भार एका सालदारावर. मागच्या आठवड्यात त्यांनी फोनवर सांगितलं, सालदार संध्याकाळी ओसरीवर येऊन बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, बराच वेळ बोलेचना. मग म्हणाला, "आई, या पाडव्याले साल भरते माह्यं. फुडच्या साली दुसरा गडी पाहून ठेवा." पाडव्याला अजून तीन महिने आहेत. पण नवा गडी मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याने आधीच कानावर घातलं.

ते ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आम्ही दोघांनी ठरवलंय, येत्या पोळ्याच्या आत कायमचं गावी जायचं. मी 62 वर्षांची, एका कंपनीत हिशेबाच्या कामावर, 19 वर्षं झाली. माझी मॅनेजर फार चांगली आहे. लेकीच्या बाळंतपणात तिने मला सहा आठवडे दुसऱ्या गावाहून काम करू दिलं होतं. रोज तिच्यासमोर बसायचं आणि मनातलं लपवायचं, हे जड जातंय. सालदार तीन महिने आधी सांगतो, तर मी आजच का सांगू नये? हे म्हणतात, थांब. यांचा आरोग्यविमाही माझ्याच नोकरीवर आहे. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

उत्तर, वरुड तालुक्यातून

ताई, नमस्कार.

आज सांगू नका. आणि आपल्या या मेल-यादीवर तुमच्या ऑफिसातलं कुणी नाही ना, ते पाहून घ्या. असेल तर पुढचं फोनवर बोलू.

सालदाराचं उदाहरण तुमच्या मनाला लागलं, ते मी समजू शकतो. पण सालदाराला साल असतं. पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचं काम ठरलेलं, पैसा ठरलेला. "पुढच्या साली नाही" म्हटलं म्हणून कुणी त्याला उद्याच वाटेला लावत नाही. लावलं तर गाव नावं ठेवतं. तुमच्या नोकरीला असं साल नाही. मोंटाना सोडलं तर अमेरिकेत सगळीकडे खासगी नोकरी मुळात मर्जीवरची. वेगळा करार नसेल तर तुम्ही कधीही सोडा, त्यांनी कधीही काढा. दोन आठवड्यांची नोटीस हा रिवाज आहे, कायदा नव्हे. तुम्ही जूनची तारीख सांगितली आणि त्यांनी फेब्रुवारीतच निरोप दिला, तर बहुतेक वेळा दाद मागायला जागा नसते.

माझ्या बाबतीत हेच झालं. ऑक्टोबरात आनंदाच्या भरात मॅनेजरला सांगितलं की पुढच्या मे महिन्यात गावी जाणार, संत्र्याची बाग भाऊ एकटा पाहतो. त्याने पाठ थोपटली. जानेवारीत माझं काम दुसऱ्याकडे गेलं, तेव्हाही वाटलं, बरं झालं, शिकवायला वेळ मिळेल. फेब्रुवारीत एका गुरुवारी खोलीत बोलावलं, टेबलावर एकच कागद होता. वार्षिक बोनस मार्चच्या मध्याला जमा व्हायचा, आणि त्या दिवशी नोकरीवर असलेल्यालाच तो मिळे. एप्रिलमध्ये पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नोकरी गेल्यावर कंपनीचा विमा काही काळ चालू ठेवता येतो, त्या कायद्याला कोब्रा म्हणतात. त्याखाली तोच विमा पुढे चालवला. पण कोब्रा म्हणजे कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. तो मॅनेजर वाईट माणूस नव्हता. कुणाला काढायचं त्याची यादी वरून मागितली असणार, आणि जाणाऱ्याचं नाव लिहायला हात अडखळत नाही. तुमची मॅनेजर देवमाणूस असेल, पण यादी ती करणार नाही कदाचित.

आमच्याकडे आंबिया बहाराची बाग व्यापाऱ्याला उक्ती देतात, फळ झाडावर असतानाच. घरात लग्न आहे नि पैशाची घाई आहे हे व्यापाऱ्याला कळलं की भाव पडलाच. म्हणून माझे वडील आधी सौदा पक्का करत, इसार हातात घेत, मग पत्रिका द्यायला जात. त्यात फसवणूक काही नव्हती.

तेव्हा आधी सौदा पाहा. बोनस कोणत्या तारखेला जमा होतो आणि त्या दिवशी नोकरीवर असावं लागतं का. 401-के मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचतखात्यात, कंपनीचा वाटा वर्षअखेरीला पडत असेल तर काही ठिकाणी 31 डिसेंबरला कामावर असण्याची अट असते. साठलेल्या रजेचे पैसे कॅलिफोर्नियात द्यावेच लागतात, बाकी बऱ्याच राज्यांत कंपनीच्या नियमावर आहे. हे सगळं योजनेच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, घरी बसून वाचा. एचआरला विचारायला गेलात की वास लागतो. शेवटचा दिवस महिनाअखेरीऐवजी पुढच्या महिन्याची 1 तारीख ठेवता येते का तेही पाहा. पुष्कळ विमे महिना संपेपर्यंत चालतात, एका दिवसाने दोघांचा पूर्ण महिना निघतो. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनची, घाई करू नका. 1960 किंवा नंतरचा जन्म असेल तर पूर्ण रक्कम 67 व्या वर्षी. 62 लाच सुरू केलं तर सुमारे 30 टक्के कमी, ते जन्मभर. आणि मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा, आर्वीत काय, नागपुरातही चालत नाही. गावाकडचा विमा तिथून निघण्याआधीच ठरवा.

उत्तर, मिनेसोटाहून

भाऊंचं वाचून वाईट वाटलं, पण माझा अनुभव वेगळा आहे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, आम्ही चौघीच. परवानाधारक माणूस मिळायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून मी आठ महिने आधी सांगितलं. माझ्या जागी आलेल्या मुलीला स्वतः शिकवलं, शेवटच्या दिवसापर्यंत पगार मिळाला. पण माझ्याआधी दोघी निवृत्त झाल्या होत्या, त्यांना कसं वागवलं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ताई, तुमच्याकडे आधी कोण निवृत्त झालं? त्यांना एक फोन करा.

पुन्हा ओहायोहून

भाऊ, ताई, मनापासून आभार. यादी पाहिली, आमच्या ऑफिसातलं कुणी नाही.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या एकांना फोन केला. सहा महिने आधी सांगितलं होतं, पाचव्या आठवड्यात घरी बसवलं. माझा बोनस 15 मार्चला जमा होतो. तो खात्यात दिसला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरला स्वतः भेटून सांगणार, मेलवर नाही. शेवटचा दिवस 1 जुलै. म्हणजे तिलाही जवळजवळ तीन महिने मिळतात, सालदाराने दिले तेवढेच. तोवर महिनाअखेरचा हिशेब कसा बंद करायचा, कोणता आकडा कुठून येतो, कोणता हमखास चुकतो, हे रोज अर्धा तास लिहून ठेवतेय. मला मधेच काढलं तरी ती फाइल तिथे राहील.

सासूबाईंचा काल फोन होता. सालदाराने शेजारच्या गावचा एक पोरगा आणलाय. त्याला गोठ्यात नेलं, दोन्ही बैलांच्या पाठीवर हात ठेवायला लावला, आणि डावा बैल मागून गेलं की लाथ मारतो हे दोनदा सांगितलं.