खेळात मुलांना मुद्दाम जिंकू द्यावे का?

सायंतारा
नमस्कार. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तेव्हा आम्ही घरात एक नियम केला: रात्रीची जेवणे आटोपली की सर्वांनी मोबाइल फ्रिजवर ठेवायचे आणि तासभर एकत्र बसून काहीतरी खेळायचे. घरात आम्ही दोघे, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि साडेपाच वर्षांचा मुलगा असे पाच जण आहोत. पहिला आठवडा हौसेत गेला. आता मात्र रोजचा डाव रडारडीतच मोडतो. सापशिडीत सापाने गिळले की धाकटा पट उलटा करतो. परवा त्याने फासाच सोफ्याच्या फटीत दडवला आणि झोपेपर्यंत कबूल केले नाही. थोरली पत्ते खेळताना आजीच्या चष्म्याच्या काचेत दिसणारी पाने पाहून खेळते आणि पकडली गेली की गंमत केली असे सांगते. मुलांच्या बाबांचे म्हणणे असे, की लहान आहेत तोवर आपण मुद्दाम हरावे. सासूबाईंच्या मते हरण्याची सवय आत्ताच लागलेली बरी. मला तर शंका येऊ लागली आहे, की हाच तास वाचनाला दिला असता तर अधिक उपयोग झाला असता. जाणकारांनी आपला अनुभव सांगावा.

खडूफळा
मी बावीस वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग शिकवले आहेत, म्हणून आधी तुमच्या शेवटच्या शंकेबद्दल लिहिते. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर या संशोधकांनी २००८ मध्ये अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर एक अगदी साधा खेळ खेळून पाहिला. एका ओळीत १ ते १० आकड्यांची घरे आणि त्यांवरून पुढे न्यायची सोंगटी, एवढाच तो खेळ. दोन आठवड्यांत १५ ते २० मिनिटांच्या चार बैठका झाल्या. तेवढ्यावर मुलांचे अंक ओळखणे, मोजणे आणि दोन संख्यांतील मोठी कोणती हे सांगणे सुधारले, आणि नऊ आठवड्यांनंतरही तो फरक टिकून होता. ज्यांच्या पटावर आकड्यांऐवजी नुसते रंग होते, त्या मुलांमध्ये असे काही दिसले नाही.

यातली मेख अशी, की सोंगटी सरकवताना मूल त्या त्या घरातला आकडा मोठ्याने म्हणत होते. आपल्याकडे सोंगटी ३७ वर असताना चार पडले, तर मूल ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत पुढे जाते. त्याऐवजी ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस’ म्हणण्याची पद्धत घरात पाडा. मराठीत एकोणचाळीस, एकोणपन्नास हे शब्द पुढच्या दशकाचे नाव घेऊन येतात आणि मुले तिथे हमखास अडखळतात. वहीत दहादा लिहूनही जे पक्के होत नाही, ते सापाच्या धास्तीने पंधरवड्यात पक्के झालेले मी वर्गात पाहिले आहे. त्यामुळे हा तास वाया जातो असे मुळीच समजू नका.

चौथा भिडू
मुद्दाम हरण्याच्या प्रश्नावर आपल्या जुन्या खेळांनी केव्हाच तोडगा काढलेला आहे. आमच्या लहानपणी धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेत असत. तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. पळायचे, ओरडायचे, लपायचे मात्र सर्वांच्या बरोबरीने. ही सूट उघड असे आणि डाव सुरू होण्यापूर्वी सर्वांच्या देखत ठरत असे. मुद्दाम हरणे नेमके याच्या उलट आहे, कारण त्यात मोठी माणसे लहानाला फसवत असतात, आणि साडेपाच वर्षांच्या मुलाला ते कळत नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे. त्याला सापशिडीत २० व्या घरापासून निघू द्या, कॅरममध्ये त्याच्या सोंगट्या नवाऐवजी पाच ठेवा, पण हे सांगून करा आणि नंतर मन लावून खेळा. सूट केव्हा सोडायची हेही त्यालाच ठरवू द्या. आमच्या नातवाने सहाव्या वर्षी एके रात्री, जेवता जेवता, आपण आजपासून लिंबूटिंबू नसल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर सलग अकरा डाव हरूनही ते मागे घेतले नाही.

दुसरे असे, की सापशिडीत मुलाच्या हाती काहीच नसते. मेहनत करूनही फासा ऐकत नाही, मग तो चिडका बिब्बा होणारच. नऊ वर्षांच्या मुलीसाठी मेंढीकोटासारखा खेळ नाही. चार भिडू, समोरासमोरच्या दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पाने, आणि सारी लढाई चार दश्श्यांसाठी. आम्ही हुकूम आधी ठरवत नाही. उतारीच्या, म्हणजे हातातल्या पहिल्या पानाच्या, रंगाचे पान ज्याच्याकडे नसेल त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो. यात भिडूचा हात होणार असे दिसले की आपली दश्शी निःशंकपणे त्याच्या हातावर टाकायची असते, आणि हा भरवसा नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या बाबांवर टाकता येणे ही गोष्ट मला गणितापेक्षा मोठी वाटते. हरलो तर दोघे हरतो, त्यामुळे रडण्याचा भारही निम्मा होतो. तुमच्याकडे धाकटा पाचवा उरतो. त्याला आजीच्या मांडीवर बसवून तिची पाने टाकण्याचे काम द्या. थोरलीला आजीच्या समोर न बसवता शेजारी बसवा, म्हणजे चष्म्याचा आरसा आपोआप बंद होईल.

रडीच्या डावाला आमच्याकडे शिक्षा नव्हती. तो डाव रद्द होई आणि पाने पिसून वाटण्याचे काम रडी खेळणाऱ्याकडे जाई, एवढेच.

निवांत
वरील प्रतिसाद वाचून थोडी धास्ती वाटली. एकोणचाळीस पक्के व्हावे, भरवसा टाकता यावा, हरणे पचावे, अशी एवढी ओझी त्या बिचाऱ्या पटावर लादली तर उरलेला खेळ कोणता? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत शिक्षणाचा विचार २८ आणि २९ व्या कलमांत आहे, तर विश्रांती, फावला वेळ आणि खेळ यांच्या हक्कासाठी ३१ वे कलम वेगळे ठेवले आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. वाचनाच्या बदल्यात खेळ परवडतो का, हा हिशेबच मला म्हणून पटत नाही.

शिवाय साडेपाच वर्षांच्या मुलाला रात्री जेवणानंतर तासभर बसवणे म्हणजे रडण्याला आमंत्रण आहे. तो खेळावर चिडत नसून पेंगुळलेला असण्याची शक्यता अधिक. वीस मिनिटे खेळा आणि आणखी एक डाव हवा असतानाच पट आवरा.

खडूफळा
वेळेबद्दल निवांत यांच्याशी पूर्ण सहमत आहे. माझ्या ते लक्षात यायला हवे होते. आकड्यांबद्दल मात्र एक खुलासा करते. मूल चुकले तर मी थांबवून दुरुस्त करत नाही. माझी सोंगटी सरकवताना मी स्वतः आकडे म्हणते, आणि दोन-तीन दिवसांत मुलेच मला माझ्या चुका दाखवू लागतात.

सायंतारा
सर्वांचे आभार. बारा दिवसांनी लिहीत आहे. खेळ आता जेवणाआधी, पंचवीस मिनिटांचा असतो. मेंढीकोट जमू लागले आहे आणि पिसण्याचे काम थोरलीने दोनदा केले. सापशिडी सासूबाईंनीच कपाटात ठेवली आणि गॅलरीच्या फरशीवर खडूने पंचवीस घरे आखून मुलांना चल्लस-आठ, म्हणजे फाशाऐवजी चार अर्धे चिंचोके टाकून खेळायचा पट, शिकवला. चिंचोके फरशीच्या खरबरीत कडेवर घासून त्यांचे दोन भाग करण्यातच मुलांची एक संध्याकाळ गेली. धाकट्याला वीस घरे पुढून निघण्याची सूट देऊ केली होती, पण इथे घरेच मुळात पंचवीस असल्याने ती बारगळली.

परवा त्याची सोंगटी मारली गेली तेव्हा त्याने एक चिंचोका गॅलरीतून खाली भिरकावला. मग त्याच्याच लक्षात आले, की उरलेल्या तीन चिंचोक्यांवर चल्लसही (चाराचे दान) पडत नाही आणि आठही. बॅटरी घेऊन तो आणि आजी खाली शोधायला गेले. चिंचोका काही सापडला नाही. नवा घासायला घेतला आहे.