पोपटांची ढोली: तुम्ही काय पाहिलंत?

आज समोरच्या झाडाचा वाळका फाटा तोडायला माणसं आली आणि लहानपणची ढोली आठवली. मूळची सुतारपक्ष्याने कोरलेली. दरवर्षी पोपटाची मादी तिची कड चोचीने कुरतडून भोक रुंद करायची. कंठवाला नर एक पाय उचलून तिच्यापुढे झुलायचा, मान वरखाली करत चोचीत चोच घालून भरवायचा. अंडी घातली की ती तीनेक आठवडे आतच, खाणं त्याने आणायचं. मी तासन् तास बघत बसायचे. तुम्हीही लिहा.

सांजवात: आमच्याकडे साळुंक्यांशी भांडण! दोन दिवस नुसता कलकलाट, शेवटी पोपटांनीच ढोली राखली. कपडे वाळत घालून येते, बाकीचं मग.

रानवाट: कंठ नाही म्हणजे मादीच, असं नसतं. नराला कंठ यायला तीनेक वर्षं लागतात. आमच्याकडची 'ती' एके वर्षी कंठ घालून आली!

चिमणपाखरू: 😂😂 रानवाट दादा!

ओलीमाती: आम्ही ढोलीत डोकावलो होतो. गवत नाही, पिसं नाही, नुसत्या भुशावर चार पिल्लं. एक मोठं, एक अगदी एवढंसं. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत ना. धाकटं जगलं नाही. अजून वाईट वाटतं.

सांजवात: अगं ओलीमाती, आईचं ऑपरेशन झालं का?

ओलीमाती: झालं गं, परवा घरी आणलं. फोन करते.

पाऊलखुणा: पिल्लू खाली पडलं तर उचलून ढोलीत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत. आम्ही शिडी लावून ठेवलं, तासाभरात मादी आत शिरली.

रानवाट: विषय निघालाच आहे तर, व्हेनेझुएलातल्या चिमुकल्या पोपटांवर २०११ मध्ये अभ्यास आला होता. आईबाप प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक देतात, पिल्लं तीच उचलतात. म्हणजे नावच की! आणि दक्षिण अमेरिकेतले मंक पोपट ढोली शोधतच नाहीत, काड्यांची चाळ बांधतात. प्रत्येक जोडीची खोली वेगळी.

चिमणपाखरू: चाळ 😍 आमच्या इथे संध्याकाळी शेकडो येतात एकाच झाडावर. अंधार पडेपर्यंत कल्ला, मग एकदम चिडीचूप. बस आली, पळते.

धागाकर्ती: खाली जाऊन त्या माणसांना भोक दाखवलं. आतून लाल चोच बाहेर आली आणि झटकन आत गेली. त्यांनी करवत गुंडाळली, जूननंतर येतो म्हणाले.

सांजवात: हुश्श! फोटो टाक ना.