मदत हवी आहे: कुरळे केस घरी सरळ करायचे आहेत, पण वळण गमवायचे नाही

नमस्कार.

माझे केस जन्मतः कुरळे आहेत. वळणे घट्ट असल्यामुळे ओले असताना पाठीपर्यंत येणारे केस वाळल्यावर आखडून खांद्यांच्या वर जातात. एकेक केस मात्र बारीक आहे; केस दाट दिसतात ते संख्येमुळे, जाडीमुळे नव्हे. आजवर केसांना रंग लावलेला नाही आणि कोणतीही रासायनिक प्रक्रियाही केलेली नाही. कुरळेपणाबद्दल माझी तक्रार नाही, त्यामुळे तो कायमचा घालवण्याचा विचार नाही. वर्षातून मोजक्या वेळी केस सरळ करावेत, त्या निमित्ताने टोके एका रेषेत कापून घ्यावीत आणि पुढच्या वेळी केस धुतले की वळणे पूर्वीसारखी परत यावीत, एवढीच अपेक्षा आहे.

माहिती शोधली तेव्हा सल्ले भरपूर मिळाले, पण ते एकमेकांना छेद देणारे आहेत. मुख्य गोंधळ तापमानाचा आहे. काहीजण म्हणतात की स्ट्रेटनर २३० अंश सेल्सिअसवर ठेवून एकदाच फिरवावा, कारण कमी तापमानावर पुन्हा पुन्हा फिरवल्याने नुकसान अधिक होते. तर काहींच्या मते १५० अंशांच्या वर जाणे म्हणजे केस करपवणेच होय. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद वाचताना पटतो, हीच अडचण आहे. शिवाय बाजारात ओल्या केसांवर चालतात असे सांगून विकले जाणारे स्ट्रेटनरही आहेत, मग केस आधी वाळवण्याची गरज आहे की नाही, हे कळत नाही.

दुसरा प्रश्न संरक्षणाचा. स्ट्रेटनर फिरवण्यापूर्वी केसांना तेलाचे बोट लावावे, असा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. हीट प्रोटेक्टंट म्हणून मिळणारे स्प्रे आणि सीरम यांच्यात नेमके काय असते, आणि ते तेलापेक्षा खरोखर वेगळे काम करतात का? बाटलीवर छापलेले ‘२३० अंशांपर्यंत संपूर्ण संरक्षण’ हे वाक्य मला जाहिरातीचेच वाटते, पण ते पूर्ण खोटे आहे की अर्धे खरे, हे जाणून घ्यायचे आहे.

आणि शेवटची, कदाचित सर्वांत महत्त्वाची शंका: उष्णतेमुळे झालेले नुकसान केस सरळ असताना दिसत नाही, ते धुतल्यावरच कळते. तोवर उशीर झालेला असतो. मग सगळ्या केसांवर प्रयोग करण्यापूर्वी ते ओळखण्याचा काही मार्ग आहे का? ज्यांनी स्वतःच्या कुरळ्या केसांवर हे केले आहे, त्यांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

तुमचे प्रश्न योग्य आहेत, पण सुरुवात तापमानाच्या आकड्यापासून न करता केस सरळ होतात म्हणजे काय होते, येथून करावी. मग आकडा बराचसा आपोआप ठरतो.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. त्याच्या साखळ्यांना बांधून ठेवणारे काही बंध कच्चे आणि काही पक्के असतात. हायड्रोजन बंध कच्चे: ते पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस वाळताना किंवा थंड होताना ज्या आकारात धरलेले असतील, त्या आकारात पुन्हा जुळतात. सल्फरचे बंध पक्के. ते तोडायला रसायने लागतात. तुम्हाला हवे आहे ते तात्पुरते सरळीकरण पूर्णपणे हायड्रोजन बंधांच्या जोरावर होते, म्हणूनच दमट हवेत केस पुन्हा वळू लागतात आणि धुतल्यावर मूळ आकारात येतात. वळण कायमचे जाते ते बंध सुटल्यामुळे नव्हे, तर प्रथिनाची घडणच उष्णतेने बिघडल्यामुळे. कोरड्या केसात ही घडण २०० अंशांच्या पुढे कोसळते. पाण्याने भिजलेल्या केसात मात्र तेच १५० अंशांच्या आसपास घडते. ओल्या केसांवर स्ट्रेटनर का फिरवू नये, याचे अर्धे उत्तर या फरकात आहे. उरलेले अर्धे असे की केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडायला जागा शोधते आणि केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात. त्वचारोगतज्ज्ञ याला बबल हेअर म्हणतात; असा केस त्या जागी पोकळ होऊन तुटतो. तेव्हा यंत्राच्या खोक्यावर काहीही लिहिलेले असो, केस मुळापासून टोकापर्यंत पूर्ण कोरडे असल्याशिवाय त्यांना पट्ट्यांचा स्पर्श होऊ देऊ नका. हाताला कोरडे वाटणारे दाट केस मानेजवळ आतून ओलसर राहतात, हे विशेष लक्षात ठेवावे.

आता माझे मुख्य म्हणणे. स्ट्रेटनरकडे शेवटचे हलके काम म्हणून पाहा; केस सरळ होण्याचा मोठा भाग त्याआधी, वाळवतानाच उरकायला हवा. केस ताणून धरलेल्या अवस्थेत वाळले तर हायड्रोजन बंध ताणलेल्या आकारातच जुळतात आणि स्ट्रेटनरला फक्त उरलेली लाट काढायची असते. घट्ट वळणांच्या केसांवर थेट स्ट्रेटनर लावणाऱ्यांना एकाच बटेवरून तो चार-पाचदा ओढावा लागतो, आणि खरे नुकसान तिथे होते.

ताण देण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. ज्यांना घाई नसेल त्यांनी ओल्या केसांच्या सैल पण लांब वेण्या घालाव्यात, किंवा पोनीला थोड्या थोड्या अंतरावर मऊ रबरबँड लावून ती खालपर्यंत ताणलेली ठेवावी आणि तशीच वाळू द्यावी. मोठ्या व्यासाचे रोलरही चांगले; रोलर जितका मोठा, तितके केस सरळ. वेळ कमी असेल तर हेअर ड्रायर वापरावा, पण त्याला भिण्याचे जितके कारण सांगितले जाते तितके नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन अभ्यासात ड्रायर १५ सेंटिमीटर अंतरावर धरल्यास केसांजवळ सुमारे ४७ अंश, १० सेंटिमीटरवर ६१ अंश आणि ५ सेंटिमीटरवर ९५ अंश तापमान मोजले गेले. म्हणजे प्रश्न यंत्रापेक्षा अंतराचा आहे. त्याच अभ्यासात असेही दिसले की ड्रायरने केसाच्या वरच्या आवरणाला अधिक इजा होते, पण केस बराच वेळ ओले राहून नुसत्या हवेवर वाळले तर आतल्या पेशींना जोडणारा थर बिघडतो. त्यामुळे मधला मार्ग घ्यावा: आधी मऊ सुती कापडाने पाणी टिपून, केस निम्म्याहून अधिक हवेवर वाळू द्यावेत आणि मग बट हाताने किंवा कंगव्याने ताणून धरत, ड्रायर मुळाकडून टोकाकडे, सतत हलता ठेवून फिरवावा.

केस धुण्याबद्दल थोडक्यात: त्या दिवशी जुने सीरम, जेल, तेल यांचा थर राहता कामा नये, कारण तो पट्ट्यांवर करपतो आणि केस ओढले जातात. म्हणून थर काढणारा शाम्पू, त्यावर भरपूर कंडिशनर, आणि कंडिशनर केसात असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवणे. एवढे पुरे.

तेलाबद्दल. खोबरेल तेल धुण्यापूर्वी लावल्यास केसातील प्रथिन कमी झडते, हे खरे आहे. पण ते काम धुण्यापूर्वीचे. तेल लावून लगेच १८० अंशांच्या पट्ट्या फिरवणे हा संरक्षणाचा उपाय नाही. हीट प्रोटेक्टंटमध्ये साधारणपणे डायमेथिकोनसारखी सिलिकोन आणि काही पॉलिमर असतात. ती केसावर पातळ, सलग थर धरतात, उष्णता केसात शिरण्याचा वेग कमी करतात, ती अधिक समान पसरवतात आणि घर्षण घटवतात. वेग कमी होतो, उष्णता अडत नाही. त्यामुळे ‘संपूर्ण संरक्षण’ हे शब्द सोडून द्यावेत, पण वस्तू उपयोगी आहे. स्प्रे वापरल्यास तो पुरता वाळल्यानंतरच स्ट्रेटनर हाती घ्यावा, नाहीतर आपणच केस ओले करून चटका देतो.

एवढी तयारी झाली की तुमच्यासारख्या बारीक केसांना १५० ते १६५ अंश पुरतात, असे मला वाटते. जाड, राठ केसांना १८५ पर्यंत जावे लागते. त्यापुढचे आकडे यंत्रावर असले तरी घरच्या वापरासाठी नाहीत. ज्या स्ट्रेटनरवर अंश दाखवले जात नाहीत, नुसते ‘कमी-जास्त’ असते, तो या कामासाठी घेऊच नये. बट एक-दोन सेंटिमीटर रुंदीचीच घ्यावी, तिच्यापुढे बारीक दातांची फणी चालवत मागून स्ट्रेटनर एकाच संथ गतीने न थांबता खाली न्यावा. गरज पडली तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नाही. टोकाशी हात हलका करावा: केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे पाठीपर्यंतच्या केसांची टोके काही वर्षे जुनी असतात आणि त्या सगळ्या वर्षांची झीज त्यांनी सोसलेली असते.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त तापमानाबाबत एक पुस्ती जोडते. ‘जास्त तापमानावर एकदाच’ हा सल्ला देणारे पूर्णपणे चुकीचे नाहीत. १३० अंशांवर सहा वेळा फिरवण्यापेक्षा १६० वर एकदा फिरवणे बरे, एवढ्यापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. चूक होते ती त्याच तर्काने थेट २३० वर पोहोचण्यात. मी खालून वर जाण्याची पद्धत सुचवेन: १४० पासून सुरुवात करा, एका बटेवर पाहा, आणि एका फेरीत केस सरळ होतील ते सर्वांत कमी तापमान सापडले की तिथेच थांबा. डोक्याच्या सगळ्या भागांचे केस सारखे नसतात. कपाळाजवळचे आणि कानशिलाजवळचे केस सहसा अधिक नाजूक असतात, त्यांच्यासाठी तापमान आणखी उतरवावे. पट्ट्यांच्या धातूवरून बाजारात बराच गवगवा होतो. टायटॅनियम लवकर तापते आणि उष्णता झटकन देते, म्हणून नवख्या हाताला आणि बारीक केसांना सिरॅमिकच्या पट्ट्या बऱ्या. त्यांचा मुलामा उडाला असेल तर मात्र केस अडकून तुटतात.

तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तर राहून गेले आहे. कानामागची, आतल्या बाजूची एक बट निवडा. सगळी प्रक्रिया, ठरवलेल्या तापमानासह, फक्त त्या बटेवर करा. दुसऱ्या दिवशी ती धुवा आणि काहीही न लावता, न ताणता वाळू द्या. शेजारच्या बटेसारखी वळली तर हरकत नाही. मुळाशी वळण आणि टोकाशी सुतासारखी सरळ अशी झाली, किंवा ओली असताना ताणल्यावर परत आखडण्याऐवजी लोंबत राहिली, तर तापमान जास्त आहे. केवळ एकदा धुऊन निष्कर्ष काढू नका. सिलिकोनचा थर वळण दाबून धरतो, तो पुरता निघायला दोनदाही धुवावे लागते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. बटेची चाचणी हाच मला हवा असलेला मार्ग होता. आता दोन गोष्टी विचारते. सरळ केलेले केस दोन दिवसांत मुळाशी फुगू लागले तर तेवढ्याच भागावर पुन्हा स्ट्रेटनर फिरवावा का? आणि घरी लावण्याची ‘केराटिन क्रीम’ मिळतात, ज्यांनी महिनोन्महिने उष्णतेची गरज भासत नाही असे म्हणतात. त्यांचा विचार उष्णता टाळण्यासाठी करावा का?

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: नाही. मुळाशी केस फुगतात ते घामाने आणि दमट हवेने. तिथे पुन्हा स्ट्रेटनर फिरवणे म्हणजे ओलसर आणि तेलकट झालेल्या केसांना चटका देणे. रात्री केस डोक्याभोवती सपाट गुंडाळून वर सॅटिनचा रुमाल बांधावा, किंवा मोठ्या, सैल वेटोळ्यांत क्लिपा लावून झोपावे. सकाळी बहुतेक लाट बसलेली असते. अंघोळीच्या वेळी वाफेपासून केस झाकावेत. तरीही फुगले तर भांग बदलून किंवा अंबाडा घालून वेळ मारून न्यावी आणि पुढच्या वेळी केस धुवून मोकळे व्हावे.

दुसऱ्याबद्दल स्पष्टच लिहितो. नावात केराटिन असले तरी अशा अनेक उत्पादनांत काम फॉर्माल्डिहाइड किंवा ते मुक्त करणारी रसायने करतात, आणि लावल्यानंतर केसांवर उच्च तापमानाचा स्ट्रेटनर फिरवावाच लागतो. म्हणजे उष्णता टळत नाहीच. उलट त्या उष्णतेने वायू बाहेर पडतो आणि तो बंद न्हाणीघरात आपल्याच नाकात जातो. फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. त्याऐवजी ग्लायॉक्सिलिक अ‍ॅसिड वापरणारी उत्पादने आली, पण त्यांच्या वापरानंतर मूत्रपिंडांना तीव्र इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. ज्यांना वर्षातून मोजक्या वेळीच केस सरळ हवे आहेत, त्यांनी या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही.

एक व्यावहारिक सूचना: टोके कापायची असतील तर केस सरळ केल्याच्या दिवशीच कापा, पण घट्ट वळणांचे केस सगळीकडे सारखे आखडत नाहीत, त्यामुळे सरळ असताना एका रेषेत कापलेले केस वळल्यावर वरखाली दिसू शकतात. म्हणून पहिल्या खेपेला फक्त फाटे फुटलेला भाग काढा, केस धुवून वळणे परत आल्यावर आकार पाहा, आणि उरलेले कमी-जास्त कोरड्या, कुरळ्या अवस्थेतच सारखे करून घ्या.