उंच गाडी आणि घरापर्यंतचा चढ: तुमचे अनुभव लिहा

सुरंगी:
काल शृंगारतळीच्या पुढे समोर एक जुनी हॅचबॅक होती, माणसांनी भरलेली. वळणावर खालून खर्रर्र! पोटात गोळाच आला. आमच्या बेड्यापासून (फाटकापासून) खळ्यापर्यंतच्या (अंगणापर्यंतच्या) चढावर जांभ्याचा एक दगड वर आलाय. दर मे महिन्यात बाबा सगळ्यांना खाली उतरवायचे, तरी खालचं ऑइल चेंबर लागायचंच. एकदा फुटलं आणि चढभर ऑइल सांडलं. बाबा कितीतरी वेळ माती टाकत होते.
म्हणून चार मीटरच्या आतली उंच गाडी घेतली, टर्बो पेट्रोल. आता दगडावरून अलगद जाते. पण कुंभार्ली घाटात वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम 1500 च्या खाली गेले की गाडी मरते, आणि मग एकदम उसळते. मागे आई असते, जीव घाबरतो. तुमचं कसं?

गडगा:
पहिला गिअर टाक बिनधास्त. टर्बो फिरायला एक्झॉस्टचा जोर लागतो, कमी आरपीएमला तो नसतोच. गिअर वळणाच्या आधी बदल, वळणात नको. उतरतानाही त्याच गिअरात, नाहीतर ब्रेक तापतात.

फणसपोळी:
आमच्याकडे बायको आंबा घाटात हमखास ओकते. आधीच्या सेडानमध्ये कधी नाही. उंच गाडी वळणावर झुकतेच ना.

सुरंगी:
अरेरे. पुढे बसवा त्यांना, आलेपाक द्या.

खाजणकाठ:
उंच म्हणजे फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी) नव्हे, हे लोकांना सांगायलाच हवं. जुलैत सड्यावर ओल्या गवतात पुढची चाकं जागीच फिरत राहिली. झावळं घातली, नाही. चढावर वजन मागे जातं आणि ओढणारी चाकं हलकी पडतात. शेवटी काकांनी गाडी उलट वळवून रिव्हर्समध्ये चढवली. चढली!
आणि सतरा इंची अलॉय घेऊ नका. वडखळच्या पुढे एका खड्ड्यात टायरची बाजूच फाटली, रात्री 11 वाजता, पोरं झोपलेली. आता सोळा इंची, जाड टायर.

माडाची सावली:
ब्रेझाचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर) 198 मिमी वगैरे आकडे वाचून जाऊ नका. पाच माणसं आणि मागे पेट्या भरल्या की गाडी बसते. भरलेली चालवून बघा.

रापण:
माका येक सांगा, डिकयेत हापूसच्यो पेट्यो किती रवतत?

माडाची सावली:
चार. मागची सीट पाडलीस तर विचारू नको.

गडगा:
सुरंगी, तो दगड काढत का नाहीस? पहारीने तासाभराचं काम.

सुरंगी:
दगड दिसावा म्हणून बाबा दर वर्षी त्याला चुना लावायचे. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. काल पोचले तर दगड पांढराशुभ्र. आईने लावला होता.

फणसपोळी:
राहू दे गं तो.

रापण:
पेट्यो कोणाकडे गावतीत? देवगडच्योच होये.